नेव्हच्या परातीतला रंग

आमच्या गावाचं नाव डेड हॉर्स, म्हणजे मेलेला घोडा. पावणेदोनशे वर्षांपूर्वी सोनं शोधायला आलेल्या कुणाचा तरी घोडा इथल्या ओढ्याकाठी मेला आणि त्याला पुरायला खणलेल्या खड्ड्यातच सोनं लागलं, असं नेव्हिल ट्रेझाइस पाहुण्यांना सांगायचा. साफ खोटं. घोडा मेला तो म्हातारपणानं, आणि सोनं सापडलं दोन वर्षांनी, ओढ्याच्या पलीकडच्या अंगाला. पण नेव्हनं सांगितलं की बाया-माणसं त्या घोड्यासाठी हळहळायची, आणि मग माझ्या चहाच्या दुकानात बसून जॅम-साय लावलेले पावासारखे दोन-दोन स्कोन खायची. मी कशाला तोंड उघडू?

नेव्हची तीनचाकी आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक होती. पुढे मोटारसायकलसारखं एक चाक आणि लांब दांडा, मागे दोन रुंद चाकं, दोन पाहुण्यांची ऐसपैस बैठक आणि तिच्याखाली जुन्या बीटल मोटारीचं इंजिन. रंग पिकलेल्या चेरीचा. आवाज मात्र पत्र्याच्या डब्यात वाटाणे घालून हलवल्यासारखा. दोन टेकड्या पलीकडून यायला लागली की मी इकडे किटली चढवायचे. कॅसलमेन स्टेशनवर पाहुणे घ्यायचे, चूटन, फ्रायर्सटाउन करत, मुरमाच्या ढिगाऱ्यांमधून आणि जुन्या खाणींच्या पडक्या धुराड्यांजवळून कच्च्या रस्त्यांनी आमच्या गावी यायचं, इथे चहा, ओढ्यावर सोनं धुणं, मग मॉल्डन आणि परत स्टेशन, असा त्याचा अकरा वर्षांचा नेम.

त्याआधी एकतीस वर्षं तो कौन्सिलचा रस्ते सपाट करायचा ग्रेडर चालवत होता. या मुलखातला एकही कच्चा रस्ता असा नाही, ज्याच्या पाठीवरून नेव्हचं पातं फिरलेलं नाही. निवृत्त झाल्यावर आमच्याकडची माणसं घर चाकांवर घेऊन उत्तरेला उन्हात जातात. हा पठ्ठ्या एके दिवशी तीनचाकी घेऊन दारात हजर. त्याची बायको कोरल तेव्हा मला म्हणाली होती की याला नाही म्हणण्यात माझी चाळीस वर्षं गेली, आता मी मागे बसते झालं. पण ती नुसती बसणारी नव्हती. ओढ्यावर पाहुण्यांना सोनं धुवायची परात फिरवायला तीच शिकवायची. डावरी बाई, त्यामुळे परात उलटी फिरवायची, आणि तिच्याकडून शिकलेले सगळे पाहुणे उलटेच फिरवत घरी जायचे.

आमच्याकडे परातीच्या तळाला सोन्याचा कण दिसला तर त्याला सोनं म्हणत नाहीत. 'रंग' म्हणतात. ओढ्यावर कुणी वाकलेलं दिसलं की जाणारा-येणारा विचारतो, "रंग आहे का?" बस्स, तेवढंच. नसला की परात उपडी करून निघायचं. आता खरं सांगायचं तर त्या ओढ्यात रंग उरलेला नाही. म्हणून नेव्ह 'मीठ टाकायचा'. खिशातल्या काचेच्या कुपीत त्याच्याकडे सोन्याचे बारीक पापुद्रे असत. ओला अंगठा कुपीत बुडवायचा, आणि पाहुण्याला परात कशी धरायची ते दाखवताना अंगठा हळूच पाण्यात सोडायचा. आमच्या पणजोबांच्या काळी असं मीठ टाकून लोकांनी वांझ खाणी विकल्या होत्या. नेव्ह विकत काहीच नव्हता. त्याला फक्त लोकांचे चेहरे बघायचे असत. असा हलका हात मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. त्यानं सांगितलेल्या घोड्यासारखंच तेही खोटं होतं आणि मला ते आवडायचं, हे मी इथे कबूल करते.

मग कोरल विसरू लागली. आधी गोष्टी विसरली, मग पाहुणे, मग एका दुपारी घरचा रस्ता. आमच्या रानात जुन्या खाणींची उघडी भोकं पावलोपावली आहेत. त्यातल्याच एकाच्या काठावर ती उभी सापडली, पायात घरातल्या सपाता. त्यानंतर तिला बेंडिगोच्या एका वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. इथून चाळीस किलोमीटर. इथून बेंडिगोला जाणारी बस नाही.

नेव्ह रोज जायचा. तीनला माझ्या दारावरून तीनचाकी जायची, चारला तो तिथे पोचायचा, सहाला परत. पाहुणे आणायचे तेही तीनच्या आधी उरकतील असेच. कोरलला तोवर नेव्हचा चेहरा ओळखू येईनासा झाला होता. पण तीनचाकीचा आवाज फाटकाशी आला की ती उठायची, केस विंचरायची आणि कंगवा हातात तसाच धरून वरच्या मजल्यावरच्या खिडकीत यायची. मग शिरस्त्राण काखेत मारून जो माणूस जिना चढून येईल, तो तिचा नवरा. एकदा तीनचाकी दुरुस्तीला होती म्हणून मी त्याला माझ्या मोटारीनं नेलं, तर बाईसाहेबांनी त्याला सभ्यपणे खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "बसा ना. माझे मिस्टर येतीलच एवढ्यात." येताना नेव्ह खिडकीबाहेर बघत बसला होता आणि मी उगाच स्कोनच्या पिठाबद्दल बडबडत होते.

गेल्या नोव्हेंबरातल्या एका शनिवारी त्यानं जिलॉंगच्या दोघी बहिणी आणल्या. निवृत्त शिक्षिका. थोरली तोंडानं तिखट. मी ओढ्यावर चहाचा ट्रे घेऊन गेले तेव्हा ती परातीत डोकं घालून बसली होती आणि नेव्ह तिला बोट दाखवून सांगत होता, "हा बघा, कडेला. रंग!"

"मला तर काही दिसत नाही," ती म्हणाली.

"चष्मा बदला, बाई. दोन कण आहेत. चांगले ठळक."

मी वाकून पाहिलं. परातीत काळी वाळू होती आणि पाणी होतं. मग माझी नजर खाली गेली. सोन्याचे दोन पापुद्रे नेव्हच्या बुटाच्या टोकावर चमकत होते. त्यानं मीठ स्वतःच्याच बुटावर टाकलं होतं.

धाकटी भली होती, ती म्हणाली की हो, मला दिसतंय बरं का, आणि वेळ निभावली.  गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या कितीतरी गोष्टी माझ्या एकदम डोळ्यांपुढे आल्या. माझ्या ओसरीच्या खांबाला लागलेला तीनचाकीचा चेरीचा रंग. बशीच्या बाहेर ठेवलेला कप. मी हात केला तरी न बघता गेलेला नेव्ह, आणि नंतर "अगं, घाईत होतो" म्हणणारा नेव्ह. एवढं सगळं समजूनही मी त्या दोघींना त्याच्या मागे बसू दिलं. ते मला आजही गिळवत नाही. त्यांना मॉल्डन करून स्टेशनवर सोडून तीनचाकीचा आवाज परत येईपर्यंत मी एक कपदेखील विसळला नाही.

तो आला. मी त्याला ओसरीत बसवलं आणि म्हटलं, काय खाणार ते फळ्यावर वाचून सांग.

"काय नवीन आहे का त्यात?" तो म्हणाला. "स्कोन, जॅम, साय. मटणाची पेस्टी. चहा."

अकरा वर्षं फळ्यावर तेच होतं. त्या दिवशी मात्र, तो यायच्या आधी, मी फळा पुसून हातभर अक्षरांत लिहिलं होतं : आज दुकान बंद.

मी काय लिहिलंय ते त्याला सांगितलं.  रागावेल असं वाटलं होतं, पण त्यानं फक्त शिरस्त्राण मांडीवर घेतलं.

"मधोमध भोक पडलंय," तो म्हणाला. "दोन्ही डोळ्यांना. कडेचं दिसतं. तुझे कान दिसतायत मला, ग्लेन. तोंड नाही दिसत."

ऑगस्टमध्ये डॉक्टरनं गाडी बंद कर म्हणून बजावलं होतं. हा पुन्हा त्या डॉक्टरकडे फिरकला नाही. मग चालवतोस कसा, असं मी विचारलं, तर म्हणाला की रस्ता कुल्ल्यांना कळतो. कुठली मोरी, कुठली रस्त्यातली लोखंडी जाळी, कुठला खड्डा, सगळं त्याच्या ग्रेडरखालून गेलेलं होतं. मी त्याला नको नको ते बोलले. मूर्ख म्हटलं, खुनी म्हटलं. दोन माणसं मागे बसवून आंधळ्यासारखा गाडी हाकतोस, लाज नाही वाटत?

"वाटते," तो म्हणाला. "पण गाडी गेली तर मी कोण उरतो? तिच्या लेखी? खुर्चीवर बसलेला एक म्हातारा. नाताळपर्यंत राहू दे, ग्लेन. एवढंच."

मला नाही म्हणता आलं नाही. पाहुणे बंद, कुणी विचारलं तर इंजिन बिघडलंय म्हणायचं, आणि फक्त कोरलकडे जाऊन यायचं, असं आमचं ठरलं. म्हणजे पाहुण्यांचा जीव वाचला आणि रस्त्यावरच्या बाकी सगळ्यांचा मी वाऱ्यावर सोडला. तेव्हा मला ते मोठं शहाणपण वाटलं होतं.

एकोणीस दिवस हे चाललं. तीनला तीनचाकी दारावरून जायची, मी ओसरीत उभी. सहाला परत यायची, मी ओसरीतच. मधल्या तीन तासांत मी पीठ मळायचे, ते दगडासारखं व्हायचं. गिऱ्हाइकं म्हणायला लागली की ग्लेनिस होस्किंगचा, म्हणजे माझा, हात गेला. गेला तर गेला, मला त्याचं काही नव्हतं. रोज देवाला म्हणायचे की आजचा दिवस जाऊ दे, उद्या मी किल्ली काढून घेते. आणि दुसऱ्या दिवशी तीनला तो हात उंच करून जायचा, आणि मीही हात करायचे, त्याला दिसत नसतानाही.

विसाव्या दिवशी सहा वाजले, साडेसहा झाले. सात वाजून गेले तेव्हा आवाज आला. डिसेंबर म्हणजे आमचा भर उन्हाळा, ऊन अजून ढिगाऱ्यांवर लख्ख होतं. तीनचाकी चालल्यागत हळू आली. नेव्हच्या दोन्ही गुडघ्यांना माती होती, तळहात सोललेले.

"पुढच्या चाकाला काय लागलंय, बघ," तो म्हणाला.

रक्त होतं. आणि केस. थोडे, तपकिरी.

"कांगारू असेल ना?" त्यानं विचारलं. "मोरीजवळच्या वळणाच्या पुढे. काहीतरी मऊ होतं. मी उतरलो. रस्ताभर हातांनी चाचपलं, दोन्ही बाजूंची गवतं चाचपली. सापडलं नाही. हाका मारल्या. कांगारूच असेल ना, ग्लेन?"

मी मोटार काढली. तो शेजारी बसला. त्या रस्त्यावर संध्याकाळी सायकलवाले असतात, मॉल्डनच्या दोघी मुली रोज घोडे फिरवायला नेतात, आणि बेकरीवाल्या मार्जचे केस अगदी त्या रंगाचे आहेत, हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं.  पंचवीस मिनिटं मी रस्त्याच्या डाव्या अंगाला बघत गाडी चालवली आणि नेव्ह समोर तोंड करून बसला होता, दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकून, जणू तोच चालवतोय.

वळणाच्या पुढे, मोरीच्या खाली, लहानसं कांगारू पडलं होतं. मादी होती. मेलेली. मी उतरून तिच्या पिशवीत हात घालून बघितलं. पिशवी रिकामी होती. मी तिथेच बसून रडले, सुटकेनं की रागानं ते मला सांगता येणार नाही. नेव्ह रस्त्यावर उभा राहून विचारत होता, काय आहे, काय आहे ते सांग. मी सांगितलं. तो खाली उतरून आला, तिच्या अंगावरून एकदा हात फिरवला, आणि तीनचाकीची किल्ली काढून माझ्या एप्रनच्या खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी बरोबर तीनला तो शिरस्त्राण घालून माझ्या दारात. किल्ली दे म्हणाला. मी नाही म्हटलं. मग त्यानं मला ज्या शिव्या दिल्या त्या मी तीस वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकल्या नव्हत्या, आणि दुकानात सहा गिऱ्हाइकं बसली होती. मी पण कमी नाही, मीही ऐकवल्या. शेवटी तो ओसरीच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, चल मग तूच ने.

मी नेलं. चार वाजता कोरल सवयीनं उठून केस विंचरत होती. नेव्ह दारात आला तेव्हा तिनं त्याला खुर्ची दाखवली आणि मला विचारलं, "हे गृहस्थ कोण? यांना सांगा ना, मिस्टर यायची वेळ झालीय." मग ती खिडकीत जाऊन बसली, आमच्याकडे पाठ करून. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिथल्या परिचारिकेनं आम्हाला बाजूला घेतलं. कोरल आता जेवत नव्हती. नवरा आल्याशिवाय कसं जेवू म्हणायची, आणि ताट तसंच परत जायचं. समोर बसून नेव्हनं चमचा पुढे केला तर तिनं तोंड फिरवलं, परक्या पुरुषाच्या हातून कोण खाणार?

"मी इथेच आहे, कोरल," तो म्हणत होता. "अगं, मीच आहे मी."

ती विनयानं हसली. खोलीतून बाहेर आल्यावर नेव्ह भिंतीला टेकून उभा राहिला आणि त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला अजून झोपेतून उठवतो.

तीनचाकी ट्रेलरवर घालून न्यायची, ही कल्पना त्याची. ती बिनडोक नव्हती, उशिरा सुचलेली होती. शेजारच्या पास्कोनं त्याचा ट्रेलर द्यायचं कबूल केलं, पण त्याचं चाक बसलेलं. नवं आणायला दोन दिवस, मग रविवार, मग कोरलला ताप आला म्हणून कुणाला भेटू देईनात. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी आम्ही निघालो. नेव्हनं अंगात चामड्याचं जाकीट घातलं होतं, उन्हात घामानं निथळत होता. तीनचाकी मात्र त्यानं आदल्या दिवशी धुवून चकचकीत केली होती, सगळी हातानं चाचपून.

वृद्धाश्रमाच्या आवारात पास्कोनं आणि मी ती उतरवली. पास्को फाटकाशी जाऊन उभा राहिला, त्याला बघवेना. नेव्ह चढून बसला. मी किल्ली त्याच्या हातात दिली. चारला दोन मिनिटं कमी होती, तर म्हणाला थांब, वेळेवर. मग त्यानं इंजिन चालू केलं. पत्र्याच्या डब्यातले वाटाणे. खालच्या मजल्यावरच्या दोन खिडक्यांत म्हातारे डोकावले. वरच्या मजल्यावरची तिसरी, कोरलची खिडकी उघडी होती, पडदा बाजूला केलेला होता, आणि तिथे कुणी नव्हतं.

मला वाटलं, विंचरत असेल.

नेव्हनं हात उंच केला. तो चुकीच्या खिडकीकडे बघत होता, म्हणून मी त्याचं कोपर धरून हात नीट वळवला. इंजिन चालू होतं. एक मिनिट गेलं असेल, दोन गेली असतील. पडदा हलला, पण वाऱ्यानं. आत मला पलंगाचा पायथा दिसत होता आणि पांघरुणाखाली तिच्या पावलांचा उंचवटा. तो हलत नव्हता.

नेव्हनं मान माझ्याकडे वळवली. म्हणजे माझ्या कानाकडे.

"रंग आहे का?" त्यानं विचारलं.

"आहे," मी म्हटलं. "आली. खिडकीत उभी आहे."

"कंगवा?"

"हातात आहे. हलवतेय."

"कुठल्या हातात?"

"उजव्या," मी म्हटलं.

 वर केलेला हात त्यानं खाली घेतला नाही.

"कोरल डावरी आहे, ग्लेन," तो म्हणाला. "तुला मीठ टाकायला कधीच जमलं नाही."

 मी वर जाऊ या म्हटलं, इंजिन बंद कर, आपण वर जाऊन तिच्याजवळ बसू या. त्यानं मान हलवली. डोळ्यांतून पाणी जबड्यावर आलं होतं आणि ते पुसायलाही त्यानं तो हात वापरला नाही.

"जाऊ," तो म्हणाला. "पण परात इतक्यात उपडी करू नकोस."

मग मी त्याच्या शेजारी उभी राहिले आणि मीही त्या खिडकीकडे बघून हात हलवत राहिले, परिचारिका खाली येऊन इंजिन बंद करा म्हणेपर्यंत.